दाजींनी गाडी दिली तेव्हा

माघ संपत आला की गंगापूर रोडच्या बाभळींना कापूस लागतो. म्हणजे खरा लागत नाही. कापसानं फुगलेले टेम्पो आणि ट्रॅक्टर रस्त्याकडेच्या काट्यांना घासत जातात आणि पांढरे पुंजके तिथंच अडकून राहतात, पुढच्या पावसापर्यंत. परवा वाळूजच्या पुढं एका ठोकलेल्या टेम्पोची पाहणी करायला निघाले होते, तेव्हा ते पुंजके दिसले. सकाळची थंडी अजून कानाला लागत होती आणि स्वेटर मात्र नकोसा झाला होता. डाव्या हाताच्या उघड्या मैदानावर दोन माणसं नारिंगी कोन मांडत होती, तिसरा पावलं टाकत अंतर मोजत होता आणि पाण्याचा टँकर मुरमावर फेऱ्या मारत होता. मी स्कूटर बाजूला घेतली. ओल्या मुरमाचा वास नाकात गेला आणि तीन वर्षांपूर्वीचा तो सगळा मोसम पुन्हा अंगावर आला. बरोबर तो जुना संशयही आला. माझ्या आठवणी एकट्या कधी येत नाहीत, चौकशी अधिकारी सोबत घेऊन येतात.

मी विमा कंपन्यांसाठी अपघात झालेल्या गाड्या तपासते. सर्व्हेअर. गाडी कुठं ठोकली, कशी ठोकली आणि मालक सांगतो तशीच ठोकली का, हे बघून अहवाल लिहायचा. चौदा वर्षं झाली. या कामात माणूस चांगलं बोलायला लागला की आपण आधी बंपरकडं बघतो. आमच्याकडं येणाऱ्या दर दहा जबाबांपैकी सहा-सात जबाबांत कुत्रं आडवं आलेलं असतं. 'मॅडम, अचानक कुत्रं आडवं आलं.' हे सगळं खरं असतं तर आमच्या जिल्ह्यात औषधालासुद्धा कुत्रं उरलं नसतं. औरंगपुऱ्यातल्या आमच्या ऑफिसच्या जिन्यात मात्र रोज चार झोपलेली असतात.

माझ्या पर्समध्ये रुमालात गुंडाळलेलं एक लोहचुंबक असतं. पत्र्यावर ते टक्कन चिकटतं, आणि पत्रा चेपून वर पुट्टी भरली असेल तर घसरून खाली येतं. वरचा रंग कितीही चकाचक असो, चुंबकाला रंग दिसत नाही. लग्नाच्या मंडपाबाहेर उभ्या असलेल्या गाड्यांनाही मी ते लावून बघितलेलं आहे. कुणी बघत नाही असं पाहून, पण लावलेलं आहे. पुढं पुढं ही सवय पत्र्यापुरती राहिली नाही. शेजारीण वाटीभर आमटी घेऊन आली की हिला काय पाहिजे असेल, हाच विचार आधी मनात येई. ऑफिसात कुणी पेढे दिले तर बदली कुणाची झाली, हे मी आधी विचारत असे. दुधानं तोंड पोळलं की ताक फुंकून पितात म्हणे; मी पाणीही फुंकून प्यायला लागले होते.

त्या वर्षी रफीकभाईंनी मला ऑटोक्रॉसचं सांगितलं. वाळूज रस्त्याला त्यांचं गॅरेज आहे, माझ्या निम्म्या पाहण्या तिथंच होतात. मोकळ्या मैदानात कोन मांडून वळणावळणाचा रस्ता करायचा, एका वेळी एकच गाडी सोडायची, घड्याळ लावायचं. कोनाला धक्का लागला की वेळेत पाच सेकंद वाढतात. प्रत्येकाला दोन फेऱ्या, त्यातली चांगली धरायची. हौशी लोकांचा खेळ, घरची रोजची गाडी घेऊन यायचं.

"लेडीज क्लास रखे हैं मॅडम," रफीकभाई म्हणाले. "चारच नाव आए. पाच हुए तो क्लास होता, नै तो कॅन्सल. आप आ जाओ."

"मीच का?"

"आप गाडी जानते ना."

मी त्यांच्याकडं निरखून बघितलं. त्यांच्या दोन गाड्यांच्या फायली माझ्या टेबलावर होत्या. कुठंतरी पाणी मुरतंय, हे मला तिथल्या तिथं कळलं. मी नाही म्हणाले. ऑफिसात येऊन त्या दोन्ही फायली आधी निकालात काढल्या, दोन्हींत काटछाट केली, आणि मग त्यांना फोन करून हो म्हणाले. रफीकभाई हसले. "हौ मॅडम, अब तो कोई नै बोलेगा कि हमने आपको पटाया." माझी चोरी पकडली गेली म्हणून मला राग आला, आणि ते हसले म्हणून त्यांच्यावरचा संशय थोडा वाढलाच.

हो का म्हणाले, ते सांगते. तोवर अकरा वर्षं मी गाड्या थांबल्यावर बघत आले होते. रस्त्यावरच्या चाकांच्या काळ्या खुणा मोजल्या, फुटलेल्या काचेचे तुकडे कुठवर उडाले ते बघितलं. पण ती खूण उमटते त्या क्षणी आत बसलेल्याला काय वाटतं, हे मला माहीत नव्हतं. एकदा तरी ते आतून बघावं, असं फार दिवस मनात होतं. ही इच्छा मी कुणाला सांगितली नव्हती. माझ्याकडं स्कूटर होती. गाडी मात्र नव्हती.

शर्यतीत नाव दिल्याचं आक्काला फोनवर बोलता बोलता सांगितलं होतं; दोनच दिवसांत दाजींचा फोन आला. दाजी म्हणजे माझ्या आक्काचे यजमान, फुलंब्रीजवळच्या एका शाळेत शिक्षक. "मेव्हणीबाई, रेस लावायलात म्हणं? आपली गाडी घेऊन जा की."

इथं दाजींच्या गाडीबद्दल सांगायला पाहिजे. छोटी, पांढरी, मागच्या काचेवर निळ्या अक्षरांत 'जय भीम'. गाडी घेऊन दोन वर्षं झाली तरी सीटवरचं कारखान्यातलं प्लास्टिक त्यांनी काढलं नव्हतं. उन्हाळ्यात त्यात बसलं की पाठीला घामानं चिकटून उठताना चर्र आवाज यायचा. स्वतःचा सख्खा भाऊ लग्नाच्या वरातीला गाडी मागायला आला, तर दाजींनी त्याला क्लच गेलाय म्हणून सांगितलं होतं. आणि हा माणूस आपण होऊन म्हणतो, मुरमाच्या मैदानात, वळणावळणावर, घड्याळाशी झुंजवायला गाडी ने.

शर्यतीत गाडीला काही झालं तर विमा मिळत नाही. पॉलिसीत तसं साफ लिहिलेलं असतं. पण सर्व्हेअर घरचीच असली तर? रस्त्यात कुत्रं आडवं आलं, असं लिहायला किती शाई लागते? गाडीला आधीचंच काही दुखणं असणार, ते माझ्या हातून उघड्यावर आणायचं आणि माझ्याच सहीनं भरून घ्यायचं, असा हिशोब मी मनातल्या मनात पुरा मांडला. असं एकदा झालेलं होतं. माझ्या चुलतभावानं अशीच एक सही मागितली होती, मी दिली नाही, आणि त्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका मला आली नाही. तेव्हा आई-बाबा होते, निभावलं. आता दोघंही नव्हते. माहेर म्हणून मला एकच दार उरलं होतं, फुलंब्रीचं, आक्काचं. दाजींनी ती सही मागितली असती तर मी दिली नसती, आणि मग तेही दार बंद झालं असतं. त्या सगळ्या मोसमात मला भीती वाटत होती ती याची. शर्यतीत काय होईल याची मला फारशी काळजी नव्हती.

मग गाडी घेतलीच कशाला? हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. दुसरी कुणी देत नव्हतं, हे एक. आणि दाजींच्या मनात काय आहे ते एकदाचं उघडं पडावं, हेही होतंच. चोर पकडायचा तर तिजोरी थोडी उघडी ठेवावी लागते, असं काहीतरी माझ्या डोक्यात शिरलं होतं.

शनिवारी सकाळी एसटीनं फुलंब्रीला गेले. अंगणात ऊन उतरलं होतं. कोपऱ्यात गोवऱ्यांच्या आरात ज्वारीची कणसं भाजायला घातली होती, हुरड्याचा वास थेट फाटकापर्यंत येत होता. दाजी घरात होते. गाडी दाराशी, धुऊन पुसून उभी. मी आत जायच्या आधी पर्स उघडली.

चारी बाजूंनी फोटो काढले. प्रत्येक ओरखड्याशेजारी पट्टी धरून काढले. बॉनेट उघडून चासी नंबरावर कागद ठेवला आणि पेन्सिलीनं घासून त्याचा ठसा उमटवला. आम्ही असं करतो, गाडी तीच आहे याचा पुरावा म्हणून. सख्ख्या बहिणीच्या अंगणात, तिच्या नवऱ्याच्या गाडीचा ठसा मी घेतला. मग चुंबक काढलं. डावी बाजू, टक्क. डिकी, टक्क. उजवं पुढचं दार, म्हणजे चालवणाऱ्याचं दार: चुंबक धरून राहिलं नाही, घसरत खाली आलं आणि मी ते ओंजळीत झेललं. जवळून बघितलं तर रंगही वेगळा होता, संत्र्याच्या सालीसारखा बारीक खडबडीत. आत नक्की पुट्टी होती.

"मेव्हणीबाई, गाडी चालवायला न्यायलात का पंचनाम्याला?"

दाजी ओट्यावर उभे होते. किती वेळ, कोण जाणे.

"दाजी, हे दार कधी ठोकलं?"

दाजींनी माझ्याकडं बघितलं नाही. त्यांनी मागं, स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं. मग म्हणाले, "जुनी गोष्ट हाय. चला, हुरडा खायला चला."

माझ्या कामात याला फार महत्त्व असतं. प्रश्न विचारल्यावर माणूस कुठं बघतो ते. मी मनात नोंद करून टाकली: मालकाने उत्तर टाळले. एवढ्यात आक्का चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली, तर दाजींनी झटक्यात पुढं होऊन तो तिच्या हातून काढून घेतला. बायकोच्या हातातला ट्रे घेणारा नवरा आमच्या घराण्यात मी तोवर बघितला नव्हता. हे माझ्यासमोर चाललंय, मला खूश करायला चाललंय, अशीही नोंद मी केली. आक्का बोलत होती. तिच्या अंगणवाडीचं, आता सहा गावांचं काम दिलंय त्याचं, शेंगदाण्याची चटणी बांधून देते त्याचं. मी हं हं म्हणत होते आणि त्या दाराकडं बघत होते. आज मला तिचं त्या दिवशीचं एकही वाक्य पुरतं आठवत नाही, दाराचा रंग मात्र अजून आठवतो.

रविवारचं मैदान. त्याचं काय काय सांगू? टँकरनं भिजवलेला मुरूम दहा वाजेपर्यंत सुकला आणि मग प्रत्येक गाडीमागं लालसर धुळीचा पडदा उठायला लागला. रबर जळल्याचा वास, त्यावर वडापावच्या तेलाचा वास. शेजारच्या शेतात उरलासुरला कापूस वेचणाऱ्या दोन बाया हात थांबवून बघत उभ्या होत्या. भोंग्यावरून एक उत्साही गृहस्थ मराठी, हिंदी आणि स्वतःची एक तिसरी भाषा मिसळून बोलत होते. मला डोक्यावर घालायला हेल्मेट दिलं, त्याला आधीच्या कुणाच्या तरी आवळ्याच्या तेलाचा वास होता.

सुरुवातीला गाड्यांची तपासणी झाली. एक चष्मेवाले काका बॉनेट उघडून बॅटरी हलवून बघत होते, पायाखालच्या चटया काढायला लावत होते. माझ्या गाडीची तपासणी दुसरं कुणी करतंय, हे मला पहिल्यांदाच बघावं लागत होतं. अंग चोरून उभी राहिले. त्यांनी उजव्या दारावर बोटानं ठोकलं, थोडं हसले आणि काही न बोलता त्याच दारावर पाच आकडा लिहिलेला कागद चिकटपट्टीनं लावून टाकला.

आक्का आणि दाजी बसनं आले होते. दोरीच्या पलीकडं उभे होते. दाजींनी डोक्यावर रुमाल बांधला होता. आक्कानं पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घातला होता आणि मला हात केला.

पहिली फेरी मी अशी चालवली की मागच्या सीटवर अंड्यांची टोपली आहे. प्रत्येक कोनाला दोन हात लांबून वळसा. दुसऱ्या गिअरच्या वर गेले नाही. डोळ्यांसमोर कोन नव्हतेच, पॉलिसीची कलमं होती. भोंगा म्हणाला, "मॅडम पाचही वळणांवर इंडिकेटर देत आहेत, टाळ्या!" लोक हसले. आणि त्या हसण्याच्या वर दाजींचा आवाज आला, "अगं दाब की! गाडीचं काय घेऊन बसलीस, दाब!"

गाडीचं काय घेऊन बसलीस, असं हा माणूस म्हणतो? सीटचं प्लास्टिक न काढणारा? आता कशाचीच शंका राहिली नाही. त्यांना गाडी ठोकलेलीच पाहिजे होती.

पाच जणींत माझी वेळ सगळ्यांत शेवटची. गाडी बाजूला लावून उतरले, तर दारावरचा तो कागद एका कडेनं सुटून फडफडत होता. नीट चिकटवावा म्हणून मी पट्टी ओढली. तिच्याबरोबर हाताएवढा रंगाचा पापुद्रा निघून आला. खाली राखाडी पुट्टी उघडी पडली.

दाजी आणि आक्का तेवढ्यात तिथं पोचले होते. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी मोबाइल काढला.

"हे मी केलेलं नाही, दाजी. माझ्याकडं कालचे फोटो आहेत. हे बघा, तारीख आहे, वेळ आहे. हे दार आधीच ठोकलेलं होतं. आणि तुम्हाला माझ्याकडून रिपोर्ट पाहिजे असेल, तर तो मिळणार नाही. आत्ताच सांगून ठेवते."

वर्गात न केलेल्या चुकीसाठी उभं केलेल्या पोरासारखा दाजींचा चेहरा झाला. "रिपोर्ट?" ते म्हणाले. "कशाचा रिपोर्ट, सुजाता?" एरवी ते मला नावानं हाक मारत नाहीत.

"त्यांना कामून बोलायलीस?" आक्का पुढं आली. "ते दार मी ठोकलं."

मी तिच्याकडं वळले. आणि माझ्या तोंडून काय गेलं, ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणाले, "कधी? कुठं? वेग किती होता?"

आक्कानं शहाण्या साक्षीदारासारखी सगळी उत्तरं दिली. गेल्या आषाढात. सहा गावांचं काम मिळणार असं कळल्यावर ती गाडी शिकायला लागली होती, दर रविवारी दाजी शिकवायचे. गावाबाहेरच्या लहान पुलावर. वेग काय फार नव्हता, तिसरा गिअर होता. एक शेळी आडवी आली, हिनं स्टिअरिंग उजवीकडं ओढलं आणि दार कठड्याला घासलं.

शेळी म्हटल्यावर माझ्या ओठांवर ते हसू आलंच असणार. अकरा वर्षांचं हसू, मला न विचारता येतं.

"खरंच आलती शेळी," आक्का म्हणाली. मग तिनं उजवी बाही वर सारली. "ह्यांच्यासारखं खिडकीत कोपर ठिवून चालवायले होते. लई ऐट."

कोपर वाकडं जुळलं होतं. हात पुरता सरळ होत नव्हता.

मला तो श्रावण आठवला. आक्काचा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. न्हाणीत पाय घसरला, असं ती म्हणाली होती. मी मोसंबी घेऊन गेले होते, न्हाणीत रबरी चटई टाक असं सांगून अर्ध्या तासात उठले होते, कारण कन्नड रस्त्याला एक ट्रक उलटला होता आणि मला तिथं पोचायचं होतं. 'पाय घसरला'. एवढं गुळगुळीत वाक्य कुणा परक्यानं माझ्यासमोर ठेवलं असतं तर मी त्याला दोन तास बसवून घेतलं असतं. कुठली फरशी, पाणी कुठून आलं, कोपरावरच कसं पडलात? सख्ख्या बहिणीला मी एक प्रश्न विचारला नाही. सगळ्या जिल्ह्यावर संशय घेत हिंडले, पण संशय घ्यायला आधी माणसाकडं नीट बघावं लागतं, आणि आक्काकडं मी तेवढंही बघितलं नव्हतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू आत्ता पहिलं काय विचारलंस?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "वेग किती होता. तवाबी तेच विचारलं असतंस. लागलं का गं, असं काय तू विचारणार नव्हतीस. मग कशाला सांगायचं?"

दाजी रुमालानं उगाच बॉनेट पुसत होते. मला त्यांच्याकडं बघवेना, तरी विचारलं, "मग मला गाडी का दिलीत?"

"मी नाय. हिनंच लावलं मागं."

"मीच म्हणले, द्या तिला गाडी," आक्का म्हणाली. "म्हणलं न्यायला एकदा येईल, परत द्यायला एकदा येईल. तेवढंच दोनदा येणं होईल तुझं."

भोंग्यावर माझं नाव पुकारलं. दुसरी फेरी. मला जायचं नव्हतं. दाजींनीच दार उघडून धरलं, ते रंग उडालेलं दार, आणि म्हणाले, "जा, मेव्हणीबाई. आता कसंबी चालवा."

त्या फेरीचं मी नीट सांगू शकत नाही. झेंडा पडला आणि मी दाबलं. हेल्मेटच्या आत माझ्याच रडण्याचा आवाज मोठा येत होता, आणि आवळ्याच्या तेलाचा वास. दुसऱ्या वळणावर मागची चाकं सुटली. गाडीचं तोंड एकीकडं, गाडी दुसरीकडं, आणि मधल्या त्या क्षणात मुरूम, आकाश, दोरीपलीकडची माणसं सगळी आडवी वाहत गेली. अकरा वर्षं ज्याच्या खुणा मोजल्या तो क्षण हा. त्यात कुणी खोटं बोलत नाही, कारण बोलायला वेळच नसतो. आषाढात त्या पुलावर आक्काला असंच झालं असेल, हातातलं चाक ऐकेनासं झालं असेल, आणि तिच्या कोपराला वरून कठड्याचा दगड. मी ब्रेक दाबायचा विसरले. एक कोन उडवला. शेवटच्या दोन कोनांमधून आत जायचं सोडून बाहेरून गेले म्हणून फेरीच बाद झाली, आणि पहिली अंड्यांची फेरी तेवढी धरली गेली. पाचांत पाचवी. भोंगेवाले गृहस्थ म्हणाले, "लेकिन क्या चलाई!" आणि मी त्यांच्यावर चक्क विश्वास ठेवला.

गाडीतून उतरले. आक्का दोरीखालून वाकून आत आली होती, धुळीनं तिच्या भुवया लाल झाल्या होत्या. मी तिचा हात धरला. कोपराच्या वर धरला, मग भीती वाटून मनगटाशी धरला.

"दुखतं का गं?" मी विचारलं.

"आता?" ती म्हणाली. "आता नाय."

परतीच्या वाटेवर गाडी तिनं चालवली. दाजी पुढं, मी मागं, प्लास्टिकवर. वळणावर चाक फिरवताना तिचं कोपर अंगाला लागायचं आणि खांदा उचलावा लागायचा. मी मागून तेवढंच बघत होते. माफी कशी मागायची ते मला येत नव्हतं. त्या दोघांनी ती मागू दिली नाही, हा त्यांचा चांगुलपणा होता की मी काही म्हणेन ही अपेक्षाच त्यांनी सोडून दिली होती, हे मी अजून ठरवू शकलेले नाही. दाजींनी ते दार पुन्हा कधी रंगवून घेतलं नाही. मी खर्च देते म्हणाले, तर म्हणाले, राहू द्या, चालायलंय की.

परवा त्या मैदानाशी स्कूटर उभी करून मी आक्काला फोन लावला. ती सहा गावांपैकी कुठल्या तरी गावात होती, मागं पोरांचा गलका चालला होता. थंडीत जुनी हाडं ठणकतात, एवढं मला डॉक्टर नसूनही माहीत आहे. मी विचारलं, "हात कसाय?"

"बराय," ती म्हणाली.

ती दर वेळी 'बराय' म्हणते. अनोळखी माणसाचं खोटं वाक्य मी फोनवरूनसुद्धा ओळखते, तेवढ्यावर माझं पोट चालतं. आक्काचं हे एका शब्दाचं उत्तर खरं की खोटं, ते मात्र मला आजही कळत नाही. ते ऐकायला मी शिकलेच नाही, आणि शिकायची वर्षं मी बंपर बघण्यात घालवली.

टेम्पोची पाहणी दुपारी एकला संपली. ऑफिसला न जाता मी हर्सूल नाक्यावर स्कूटर लावली आणि फुलंब्रीची बस धरली. पोचले तेव्हा आक्का नुकतीच घरी आली होती, ओट्यावर बसून डाव्या हातानं उजवं कोपर चोळत होती. मला बघून तिनं हात पदराखाली घेतला.

"अशी अचानक कामून आलीस? गाडी पाहिजे व्हय?"

"नाही," मी म्हणाले. "तू बराय म्हणालीस ना, ते मला पटलं नाही."

ती थोडी सरकली, मला बसायला जागा केली, आणि पदराखालचा हात तिनं आपण होऊन माझ्या मांडीवर ठेवला. "हितं," ती म्हणाली. "हितं जरा चोळ. लई ठणकायलंय."